मस्कतला पहिल्यांदा जाताय?

सुलतान काबूस मशिदीपासून सुरुवात करा, पण वेळ सांभाळा. मुस्लिमेतरांना शुक्रवार सोडून सकाळी 8 ते 11 एवढ्याच वेळात आत सोडतात. मी तर म्हणेन, आठच्या ठोक्याला दारात उभे राहा. ताईंनी केस, मनगटं आणि घोटे झाकले जातील असे सैल कपडे घालावेत. आपली सुती सलवार-कमीज आणि मोठी ओढणी झकास चालते, फक्त ओढणीला पिन लावा, नाहीतर मान वर करून झुंबर बघताना ती हमखास घसरते. पुरुषांनी फुल पँटच घालावी. आतला इराणी गालिचा तयार करायला चार वर्षं लागली, त्यावर पाय देऊ नका. पाहुण्यांसाठी वेगळी पट्टी अंथरलेली असते.

कुणी कहवा (अरबी कॉफी) दिला तर उजव्या हातानेच घ्या. कप छोटा असतो आणि रिकामा दिसला की यजमान पुन्हा भरतो. पुरे झालं की कप हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून परत द्या. सोबतचा खजूर मात्र नाकारू नका, माणसं मनापासून देतात.

मत्रा बाजारात दुपारी बरीच दुकानं बंद असतात, संध्याकाळीच जा. भाव करा, पण हसतमुखाने. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय मुळीच काढू नका. रमजानात जाणार असाल तर दिवसा रस्त्यात पाणीसुद्धा पिऊ नका, हॉटेलच्या खोलीत प्या.