गावातली साधी माणसं एकत्र येऊन गावाचं अर्थकारण खरंच बदलू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गावकऱ्यांनी संघटित होऊन स्वतःच्या जोरावर गावाची कमाई वाढवली, असं खरं उदाहरण आहे का, की सगळं भाषणापुरतंच? आणि आपल्या गावात करायचं तर आधी बचतगट काढावा, शेतकरी कंपनी काढावी की एखादी संस्था नोंदवावी?

उदाहरणं आहेत, आणि त्यातली काही मी हिशेबाच्या वहीतून पाहिली आहेत. बी.कॉम. झाल्यावर सहा वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांना कॅशबुक लिहायला शिकवायचं काम केलं. त्यामुळे माझं उत्तर जरा वहीखात्याच्या अंगानं जाईल, चालवून घ्या. नोंदणी कशाची करायची हे सगळ्यात शेवटी बघा. आधी हे शोधा की तुमच्या गावातून माल बाहेर पडतो तेव्हा कागदावर सही कुणाची असते.

मेंढा (लेखा) हे नाव तुम्ही ऐकलं असेल. धानोरा तालुक्यातलं, पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. वर्तमानपत्रांत मेंढ्याची गोष्ट बहुतेक वेळा २०११ पासून सुरू होते, आणि तिथंच वाचणाऱ्याची फसगत होते. सुरुवात ऐंशीच्या दशकातली आहे, इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांना विरोध झाला तेव्हाची. धरणं अडली. पण सगळे घरी गेल्यावर या गावात एक सवय उरली : बसून बोलायची. देवाजी तोफा गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून येऊन सोबत राहिलेले. त्यांनी अभ्यासगट चालवला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, मध काढताना पोळं कसं वाचवायचं, अशा गोष्टींवर महिनोन्‌महिने चर्चा. निर्णय मात्र अभ्यासगटात घ्यायचा नाही. तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीत. शहरातल्या माणसाला हे ऐकूनच धाप लागते.

आता सहीचा मुद्दा. या भागातला बांबू वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याला जायचा, आणि गावच्या माणसाच्या हाती पडायची ती फक्त तोडणीची मजुरी. १९२७ च्या वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू म्हणजे झाड, आणि झाड सरकारचं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, घातलं आणि गौण वनोपजाची मालकी लोकांना दिली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे मालक झालो? तर नाही. बांबूचा ट्रक रस्त्यावर आणायला वाहतूक परवाना लागतो, त्याला आमच्याकडं सगळे टी.पी. म्हणतात, आणि ते पुस्तक वन विभागाच्या कपाटात. स्वतःच्या हक्काचा बांबू टी.पी. नसताना विकला की चोरी. या एका पुस्तकावर गाव अडून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी वनहक्काचे नियमच बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडं आला.

एक पुस्तक, त्यात काही पानं आणि एक शिक्का. पण बांबू कुणाला, किती भावानं, कधी विकायचा, कोणती रांजी (बांबूचं बेट) यंदा तोडायची आणि कोणती राखायची, हे सगळं त्याला टांगलेलं होतं. त्यानंतर गावानं पॅन काढलं, बँकेत खातं उघडलं, लिलाव केला. पुढं २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनसुद्धा ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. त्यावर लिहायला बसले तर वेगळं उत्तर होईल.

आता तेंदूचं, म्हणजे बिडीच्या पानाचं, सांगते, कारण ते मी जवळून पाहिलंय. मे महिना. पहाटे चारला बाया-माणसं टॉर्च घेऊन जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. मग दुपारभर ओसरीवर बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पानं. हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं, प्रत्येक पान हातानं तोडलेलं. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथं पुडे ओळीनं मांडून वाळवतात. मुन्शी ओळी मोजतो आणि कार्डावर आकडा टाकतो. जुनी रीत अशी, की मुन्शी शेकड्यामागं चार-पाच पुडे वरचे घ्यायचा. खराब निघतात म्हणून.

पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना तेंदूसाठी दोन वाटा असतात : लिलाव वन विभागानं करायचा किंवा ग्रामसभेनं स्वतः. लोक सरळ ‘ऑप्शन वन’, ‘ऑप्शन टू’ म्हणतात. मी ज्या गावात होते त्यांनी पहिल्यांदाच दुसरा पर्याय घेतला होता. मुन्शी गावातलाच, बारावी झालेला पोरगा. पहिल्याच संध्याकाळी त्यानंही शेकड्यामागं पाच पुडे बाजूला काढले. एक आजी पुडे ठेवून तिथंच उभी राहिली. म्हणाली, “हे वरचे पाच कोनाचे जी?”

पोरगा माझ्याकडं बघायला लागला, मी अध्यक्षांकडं. उत्तर कुणाकडंच नव्हतं. ठेकेदाराच्या काळात ते ठेकेदाराचे होते, पण आता फळीच गावाची! त्या रात्री सभा बसली आणि वरचे पुडे बंद झाले. खराब पुडा निघाला तर ज्याचा त्याला परत. कागदावर ही बाब एका ओळीची. पण माझ्या सहा वर्षांतलं ‘संघटन’ मला कुणी दाखवायला सांगितलं तर मी ती संध्याकाळ दाखवीन.

हे सगळं गोड वाटायला नको म्हणून माझी एक चूक सांगते. २०१७ ला तेंदूचे भाव कधी नव्हे इतके चढले. एका गावानं ठेकेदाराशी करार केला. तोडाईची मजुरी लगेच, आणि रॉयल्टी, म्हणजे पानाची किंमत, तीन हप्त्यांत. करारनामा मी वाचला होता. रक्कम तपासली, तारखा तपासल्या. पण माल गोदामातून कधी उचलायचा हे त्यात कुठंच नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. पहिला हप्ता आला आणि आठवड्यात गोण्या ट्रकमध्ये चढल्या. मग बाजार फिरला. जीएसटीत तेंदूपानाला १८ टक्के लागला होता, महागात घेतलेला माल व्यापाऱ्यांकडं पडून होता. २०१८ ला भाव कोसळले. आमच्या ठेकेदाराचा फोन आधी ‘उद्या बघू’ म्हणायचा, नंतर लागेनासा झाला. दुसरा हप्ता दीड वर्षानं अर्धामुर्धा आला, तिसरा आलाच नाही.

सभेत मला कुणी बोल लावला नाही. ते जास्त लागलं. एका काकांनी एवढंच विचारलं, “मॅडम, किराणावाला बी पैसे घेतल्याबिगर पोतं उचलू देते का?” पुढच्या हंगामापासून ठराव झाला : पूर्ण रॉयल्टी खात्यात जमा झाल्याचं पासबुकावर दिसल्याशिवाय एक गोणी हलणार नाही. गोदामाला दोन कुलपं, एक किल्ली अध्यक्षांकडं, दुसरी बायकांच्या गटाकडं. भाव थोडा कमी मिळाला, पण मिळाला तो सगळा हातात आला.

भांडणं ठेकेदाराशी कमी आणि आपसात जास्त होतात, याची तयारी ठेवा. पैसा आला की पहिला सूर निघतो : वाटून टाका. तो चुकीचा नाही. ज्याच्या घरी जूनमध्ये बियाण्याला पैसे नाहीत त्याला ग्रामकोषाचं, म्हणजे गावाच्या सामाईक निधीचं, महत्त्व सांगणं सोपं असतं, पटवणं अवघड. मेंढ्यात मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायची रीत बसली, पण तिच्यामागं किती वर्षांचं बोलणं होतं ते वर लिहिलंच आहे. दुसरं भांडण हजेरीचं. वनहक्काच्या नियमांप्रमाणं सभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. काही गावांत काय करतात, तर रजिस्टर घरोघरी फिरवून अंगठे घेतात. कागदावर कोरम पूर्ण, सभेत बारा पुरुष. अशा गावात आधी हिशेब सैल होतो आणि मग ठेकेदार परत येतो, मागच्या दारानं. मला ते रजिस्टरवरूनच कळायला लागलं होतं, सगळ्या अंगठ्यांना एकाच पॅडची शाई.

ताकद म्हणजे विकण्याचीच असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. चांगलं पान यावं म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, झाड फळावर येत नाही, पाखरं उपाशी राहतात, असा त्यांचा विचार. हातात येणारा पैसा गावानं ठरवून सोडला. हे कोणत्या योजनेच्या अर्जात बसवायचं सांगा! कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, कारण एकट्या गावाला व्यापारी सहज वाकवतो.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात हे नवीन काय? सहकार होताच. खरं आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून भाग घेतले होते. पुढं बऱ्याच ठिकाणी सभासद उरला फक्त उसाच्या पावतीपुरता, आणि सही गेली चेअरमनकडं. माझ्या मते त्याचं एक साधं कारण अंतर आहे. पाच-दहा हजार सभासदांची वार्षिक सभा मंडपात होते, माइकवर ‘मंजूर’ म्हणतात, जेवण होतं. ऐंशी घरांच्या सभेत ‘चहा-नाश्ता ३४०’ वाचल्यावर कुणीतरी हमखास विचारतं की कुणी प्याला. तुम्ही शेतकरी कंपनी काढाल तर तीही याच वाटेनं जाऊ शकते. माझा कंपनीला विरोध नाही. पण आधी कंपनी काढून मग माणसं गोळा करणाऱ्यांचे ताळेबंद मी भरून दिलेत, त्यात पहिल्या वर्षीचा मोठा खर्च सीएची फी असायचा.

आता तुमच्या गावाचं. जंगल नसेल तर हे लागू नाही असं समजू नका. प्रत्येक गावातून काहीतरी कुणाच्या तरी सहीनं बाहेर जातं : नदीची रेती, टेकडीचा मुरूम, तलावातल्या मासेमारीचा ठेका, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, गायरानातलं गवत. यातलं एकच धरा. बाजाराची वसुली ग्रामपंचायतीकडं असेल तर तिथून सुरू करायला बरं पडतं, कारण रक्कम लहान असते आणि जिवावर बेतत नाही. रेतीला पहिल्याच वर्षी हात घालू नका, हे अगदी गंभीरपणे सांगते. मागच्या तीन वर्षांच्या लिलावाची फाइल मागा, माहिती अधिकारात मागावी लागली तरी. मग एका बाजाराच्या दिवशी दोघंतिघं बसून दुकानं मोजा, कोण किती पावती फाडतो ते लिहा, वर्षाचा गुणाकार करा आणि लिलावाच्या रकमेशेजारी मांडा. तो कागद ग्रामसभेत वाचा. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणं गणपूर्तीला १५ टक्के किंवा शंभर, यातले कमी असतील तेवढे मतदार लागतात. पण कोरमपुरती माणसं जमवून वाचू नका. आदल्या महिलासभेत आधी वाचा. भाजी विकायला त्याच बसतात आणि पावतीचे पैसे त्याच देतात.

पहिल्या सभेत बहुतेक काहीच होणार नाही. सरपंच रागावतील, कुणीतरी तुम्हाला ‘निवडणुकीला उभा राहायचा विचार दिसतोय’ म्हणेल. दुसऱ्या सभेला तोच कागद घेऊन जा, नव्या महिन्याच्या आकड्यांसह.

तुमचं गाव कोणत्या जिल्ह्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेसा क्षेत्रात येत असेल किंवा गावाला लागून वनजमीन असेल तर खाली कळवा. वनहक्क समिती झाली आहे की नाही आणि दावा कुठं अडकलाय हे कुठल्या कार्यालयात कोणत्या शब्दांत विचारायचं, ते लिहून देते.