गृहकर्जाचा हप्ता चालू असताना चर्चच्या वचनपत्रावर दर महिन्याचं दान किती लिहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: दोघांचा मिळून ४२ हजार पगार हातात येतो, १४ हजार घराच्या हप्त्याला जातात, आणि मंडळीने, म्हणजे तुमच्या चर्चने, वर्षभराच्या दानाचं वचनपत्र भरायला दिलंय. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, एकूण पगारावर धरायचा की हातात येणाऱ्यावर, आणि तेवढा नाही जमला तर पाप लागेल का? मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचा सहा वर्षं खजिनदार होतो, म्हणून लिहितोय.

आधी पापाचं. ‘सगळा दशांश भांडारात आणा’ हे बायबलमधलं वचन (मलाखी ३:१०) तुम्ही दरवर्षी ऐकत असाल. ते इस्राएलला सांगितलेलं आहे. तिथे मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्या दशांशावर चालायचं. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आकडा सांगतच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावं, एवढंच म्हणतो. आणि दुसऱ्या पत्रात, मनात ठरवलं असेल तसं द्या, कुढत किंवा भाग पडलं म्हणून नको. मी स्वतः हातात येणाऱ्या पगारावर दशांश काढतो, पण तिथवर पोचायला मला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत मी देवाचा चोर होतो असं मला वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटू नये.

खरा मुद्दा आकड्याचा नाही, ठरवण्याचा आहे. रविवारी उपासना संपली की आम्ही दोघं जण आतल्या खोलीत टेबलावर दानपिशव्या रिकाम्या करायचो. चुरगळलेल्या नोटा सरळ करून गठ्ठे लावायचे, नाणी वेगळी, मग वचन दिलेल्यांची नंबर घातलेली पाकिटं उघडायची. एका आजींच्या पाकिटात दर महिन्याला दहाच्या पाच नोटा असायच्या, इस्त्री केल्यासारख्या सपाट. एकदा त्या दोन महिने लेकीकडे राहून आल्या, तर आल्या त्या रविवारी दोन पाकिटं. नाताळात आणि ईस्टरला पिशव्या जड व्हायच्या, पण जुलै-ऑगस्टमध्ये पाकिटं सोडून फारसं काही नसायचं. एका जुलैत पाळकसाहेबांचं मानधन आम्ही तीन आठवडे उशिरा दिलं. त्यांच्या मुलीची फी भरायची होती हे मला नंतर कळलं, आणि अजून बोचतं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडताना मी भरवसा ठेवू शकायचो तो त्या आजींच्या पन्नास रुपयांवर.

आपल्याकडे हंगामाच्या सणाला लोक जीव ओतून देतात. ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या येतात, उपासनेनंतर लिलाव होतो, लिंबाचं एक फळही शंभराला जातं. मला तो दिवस फार आवडतो. पण तो एकच दिवस. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० मध्ये ‘बुहफाय थाम’ सुरू केलं: भात शिजवायला घेतला की आधी एक मूठ तांदूळ देवाच्या डब्यात. तो तांदूळ गोळा करून विकतात. प्रत्येक स्वयंपाकाला एक मूठ, आणि आजही त्यातून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. ती मूठ जेवणानंतर उरलेल्या भातातली नसते, हे लक्षात घ्या.

म्हणून पगार जमा झाला की त्याच दिवशी दान वेगळं काढा. आकडा असा धरा, की जूनमध्ये मुलांच्या फीच्या महिन्यातही निघेल. तुमच्या हिशोबात मी पहिल्या वर्षी १,२०० किंवा १,५०० लिहिले असते आणि पुढच्या वर्षी वाढवले असते. क्रेडिट कार्डावर किंवा उसने घेऊन दान देऊ नका. आयकरात सवलत मिळेल असं धरून चालू नका. दानावरच्या करसवलतीची ८०जी मान्यता एखाद्या विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थांना मिळत नाही.

आणि पैशाचं हे चोख कारभारीपण मंडळीलाही लागू आहे. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा एकटा नेत नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). तुम्ही पावती मागा. यूपीआयने देत असाल तर पैसे ट्रस्टच्या खात्यात जातात ना ते बघा, कुणाच्या खाजगी नंबरवर नको. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चला हिशोब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, तेव्हा वार्षिक सभेत ताळेबंद मागण्यात उद्धटपणा नाही. आमच्या आधीच्या कमिटीने दोन वर्षं हिशोब वाचलाच नव्हता. पाकिटं निम्म्यावर आली होती. दर तिमाहीचा जमाखर्च फलकावर लावायला लागलो, तशी ती हळूहळू परत आली.

राहिली भीती, वचन पाळता नाही आलं तर? वचनपत्र म्हणजे कर्जरोखा नव्हे. कोविडच्या वर्षी नोकरी गेलेले एक गृहस्थ माझ्या घरी आले, आकडा कमी करा म्हणताना त्यांची मान वर होत नव्हती. मी त्यांच्यासमोरच रजिस्टरात तो आकडा खोडला. त्याच आठवड्यात मंडळीच्या गरीब निधीतून त्यांच्या घरी महिन्याचा किराणा गेला. त्या निधीत आधीची चार वर्षं त्यांचेही पैसे पडलेले होते.