शनिवार कागदाचा, रविवार वाचकाचा

प्रिय मित्रा,

रविवारी स्टॉल आहे, सोळा पानांच्या कॉमिकच्या पन्नास प्रती हव्यात आणि शेवटची दोन पानं शाईची राहिलीत. ती शुक्रवारी रात्रीच उरक. शनिवारी पेन्सिलला हात लावू नकोस, कारण तो दिवस कागदाचा आहे. घडी, टाचणी आणि कापणी धरून एका प्रतीला पाच मिनिटं लागतात, म्हणजे पन्नास प्रतींना चार तासांहून जास्त. हाच हिशेब सगळे विसरतात.

ऐन वेळी ‘एकच पान वाढवू’ असं मनात येईल. वाढवू नकोस. एक कागद दुमडला की चार पानं होतात. त्यामुळे सतरावं पान आलं की वीस भरावी लागतात. शिवाय पान उलटल्यावर वाचकाला धक्का द्यायचा असेल, तर ते चित्र डावीकडच्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर असावं लागतं. मध्ये एक पान घुसलं की पुढचे सगळे धक्के उजवीकडे सरकतात आणि पान उलटण्याआधीच दिसतात.

छापण्याआधी चार कोरे कागद एकात एक दुमडून नमुना प्रत कर आणि पानांवर हाताने आकडे घाल. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १ येतात, मागे २ आणि १५. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १७ आली पाहिजे. ए-४ आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी छापताना ‘आखूड कडेवर उलटा’ हा पर्याय निवड, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. आकार शंभर टक्के ठेव. ‘पानात बसवा’ निवडलंस तर चित्र आक्रसतं आणि समास बिघडतात. आधी एकच प्रत छापून, दुमडून, वाचून बघ. संवादांच्या फुग्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका कागदावरच दिसतात, पडद्यावर नाही.

मुखपृष्ठाचं दुखणं वेगळंच. ए-४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी जाते. दोनशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचा) जाड कागद तिथे तडकतो. गडद रंग लेझर प्रिंटरने छापला असेल, तर घडीवरची शाईची पूडही उडते आणि पांढरी रेघ दिसते. म्हणून दुमडण्याआधी पोलादी पट्टी लावून, रिफिल संपलेल्या बॉलपेनने चर पाड. कण्यावर, म्हणजे घडीच्या कडेवर, शक्यतो फिका रंगच ठेव.

पिना दोन, वरून आणि खालून साधारण पाच सेंटीमीटरवर. टोचायच्या बाहेरून, म्हणजे टोकं मधल्या पानांवर वळतात. साधा स्टेपलर कण्यापर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळाला नाही, तर प्रत जाड पुठ्ठ्यावर उघडी ठेव, स्टेपलरचा वरचा भाग उलगडून पिन टोच आणि टोकं हाताने वळव.

टाचून झालं की आतली पानं बाहेर डोकावतील. ती कड कापावी लागते, म्हणून बाहेरच्या कडेपासून आत आठ-दहा मिलिमीटरपर्यंत अक्षरं नकोत. प्रती एकेक करूनच काप आणि जोर न लावता कटरचं पातं चार-पाच वेळा हलकं फिरव. दाबलंस की ते तिरकं जातं. कडेला कागदाचे धागे निघू लागले की पातं बोथट झालंय. लगेच बदल.

रविवारी प्रती आडव्या रचू नकोस, दोन-तीन उभ्या ठेव. वरून कोणी वाकून बघत नाही. किंमत मोठ्या अक्षरात लिही. विचारायला संकोचणारे पुष्कळ असतात. सुटे पैसे मोजून ने. एक प्रत चाळण्यासाठी वेगळी काढ आणि कोणी ती चाळत असेल, तर तेवढा वेळ बोलू नकोस, त्याला वाचू दे.

स्केचची मागणी आली, तर तासाला तीनच घे. नाव आणि परत यायची वेळ चिठ्ठीवर लिही. मार्कर कागदातून पार जातो, म्हणून खाली पुठ्ठा असू दे. प्रती दहा-दहाच्या गठ्ठ्यात ने. संध्याकाळी किती उरल्या, ते लगेच कळतं.