बॅसिलिका : हुद्दा नव्हे, किताब

प्रश्न असा आला आहे : जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला ‘बॉम जीझस बॅसिलिका’ आणि दुसऱ्या बाजूला ‘से कॅथेड्रल’. दोन्ही कॅथलिक चर्चच, मग नावं वेगळी का? बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च का? आणि हा शब्द मराठीत चालवायचा कसा?

आकाराशी याचा काही संबंध नाही. उलट से कॅथेड्रलच बॉम जीझसपेक्षा बरंच मोठं आहे. कॅथेड्रल हा हुद्दा आहे आणि बॅसिलिका हा किताब. बिशपचं अधिकृत आसन ज्या चर्चमध्ये असतं, ते कॅथेड्रल. ग्रीक ‘काथेद्रा’ म्हणजे बसायची जागा. पोर्तुगीज ‘से’ हा शब्दही लॅटिन ‘सेदेस’वरून, म्हणजे आसनावरूनच आलेला. त्यामुळे ‘से कॅथेड्रल’ हे नाव आपल्या ‘पिवळा पीतांबर’च्या जातीचं आहे. बॅसिलिका हा मान मात्र पोपकडून मिळतो आणि तो मिळाल्याने चर्चचं रोजचं काम बदलत नाही. वकिलाला रावबहादूर केलं तरी दुसऱ्या दिवशी तो कोर्टातच जायचा, तसं.

कोर्टाचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, बॅसिलिका मुळात कोर्टच होती. ग्रीक ‘बासिलेउस’ म्हणजे राजा, आणि त्यावरून ‘बासिलिके’ म्हणजे राजेशाही, राजाची. (बेझिल ही तुळशीची परदेशी बहीण याच शब्दातून निघाली आहे.) रोमनांनी हा शब्द उचलला तो चौकातल्या लांबलचक, खांबांच्या रांगा असलेल्या सार्वजनिक दालनासाठी. कातो या रोमन पुढाऱ्याने इ. स. पूर्व 184 मध्ये रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, अशी एक बॅसिलिका बांधली. तिथे खटले चालत, सौदे होत, आणि ऊन-पाऊस टाळायला माणसं नुसतीच येऊन उभी राहत. देवाधर्माचा संबंध जवळजवळ नाहीच.

इ. स. 313 नंतर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करता येऊ लागली आणि जागेचा प्रश्न आला. रोमन देऊळ त्यांना नको होतं. जुन्या धर्माची खूण हे एक कारण झालंच, पण त्या देवळाची रचनाही सोयीची नव्हती : आत देवाची मूर्ती, बळी आणि गर्दी बाहेर. ख्रिस्ती उपासनेला सगळे एका छपराखाली हवेत. कोर्टाचं दालन त्याला चपखल बसलं. मध्ये उंच आणि रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना खांबांपलीकडे बुटके पट्टे, टोकाला अर्धगोल कोनाडा. न्यायाधीश जिथे बसायचा त्या बाजूला आता वेदी आणि बिशप आले. वास्तुशास्त्राची पुस्तकं आजही ‘बॅसिलिका’ म्हणतात ती या रचनेला, मग त्या इमारतीला किताब असो वा नसो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पुढे रोममधल्या जुन्या, मानाच्या चर्चना हे नाव चिकटून राहिलं, आणि 18व्या शतकापासून पोप ते इतर चर्चना रीतसर देऊ लागले. ‘मेजर’ म्हणवणाऱ्या बॅसिलिका चारच, त्याही सगळ्या रोमच्या पोपच्या : सेंट पीटर, सेंट जॉन लॅटरन, सेंट मेरी मेजर आणि सेंट पॉल. बाकी जगभरच्या सगळ्या ‘मायनर’. म्हणून बातमीत ‘दुय्यम बॅसिलिका’ असं भाषांतर दिसलं की मला हसू येतं. सन्मान सांगताना कमीपणा कशाला? नुसतं बॅसिलिका म्हटलं तरी भागतं. आणखी एक गंमत : सेंट पीटर हे पोपचं कॅथेड्रल नाही. रोमचा बिशप म्हणून त्याचं आसन लॅटरनमध्ये आहे.

आता बॉम जीझस. जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी, 1594 मध्ये पाया घातला, 1605 मध्ये चर्चचा अभिषेक झाला. त्या वेळी ते फक्त चर्च होतं. सेंट फ्रान्सिस झेवियर, गोवेकरांचा ‘गोंयचो सायब’, 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला होता. 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं आणि मग त्याचं शव या चर्चमध्ये आलं. इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोझिमोने, पाठवलेली संगमरवरी समाधी 1698 मध्ये इथे उभारली गेली. 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं, तरी यात्रेकरू येतच राहिले. किताब आला तो थेट 1946 मध्ये, म्हणजे अभिषेकाला 341 वर्षं झाल्यावर. म्हणून ‘पोर्तुगीजांनी 16व्या शतकात बॅसिलिका बांधली’ हे वाक्य काटेकोर बघितलं तर चूक. बांधलं चर्च, बॅसिलिका ते नंतर झालं.

रचनेचा निकष लावला तर आणखीच उलटं होतं. बॉम जीझसच्या आत एकच सलग दालन आहे, बाजूचे पट्टे नाहीत. तीन पट्टे आहेत ते समोरच्या कॅथेड्रलमध्ये! दोन्ही मान एकाच वास्तूकडे असायलाही हरकत नसते. चेन्नईचं सां थोमे कॅथेड्रल 1956 पासून बॅसिलिकाही आहे.

किताबाच्या खुणा आत गेल्यावर दिसू शकतात : लाल-पिवळ्या रेशमी पट्ट्यांची अर्धवट उघडी छत्री, काठीवर बसवलेली छोटी घंटा, आणि पोपच्या एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्या.

राहिलं मराठी. प्रतिशब्द घडवायच्या फंदात पडू नये. ‘राजमंदिर’ वगैरे केलं तर वाचकाला भलतंच काही वाटेल. पोर्तुगीज उच्चार ‘बाझीलिका’च्या जवळ जातो, पण मराठीत ‘बॅसिलिका’ रुळलं आहे, ते ठेवावं. शब्द स्त्रीलिंगी धरावा आणि नायिका, मालिका यांच्यासारखा चालवावा : बॅसिलिकेत, बॅसिलिकेचा दर्जा. ‘बॅसिलिकाचा दर्जा’ कानाला खटकतं. आणि लोकांनी स्वतः नाव दिलं असेल तर तेच वापरावं. वांद्र्याच्या माउंट मेरीला 1954 मध्ये हा किताब मिळाला, पण सप्टेंबरात जत्रेला जाणारा कोळी माणूस ‘मोत माउली’लाच जातो. त्यातला ‘मोत’ म्हणजे माउंटच, टेकडी.