मुलीला अणुस्फोटांचं मोजमाप शिकायचंय!

प्रश्न : मुलगी बारावी शास्त्रला आहे. उंचावरच्या अणुस्फोटांनी वातावरणात काय होतं, ते मोजायचं शिकणार म्हणते. घरचे म्हणतात, गपचूप इंजिनिअरिंग घे. काय करावं? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी भीती काढून टाका, यात बॉम्ब बनवायचा नसतो. तसे स्फोटही आता होत नाहीत. 1963 च्या करारानं अमेरिका आणि सोव्हिएत रशियानं ते थांबवले.

मुलीच्या डोक्यात बहुधा ‘स्टारफिश प्राइम’ ही अमेरिकेची अणुचाचणी असणार. 9 जुलै 1962 ला पॅसिफिकवर 400 किलोमीटर उंचीवर 1.4 मेगाटनांचा (म्हणजे 14 लाख टन टीएनटी स्फोटकाएवढा) स्फोट झाला आणि सुमारे 1400 किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे काही दिवे गेले. पृथ्वीभोवती इलेक्ट्रॉनांचा कृत्रिम पट्टा तयार झाला. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार उपग्रह त्या किरणोत्सारानं काही महिन्यांत निकामी झाला. मला स्वतःला कॅडमियम-109 ची गोष्ट जास्त आवडते. स्फोटातून पसरलेल्या या मूलद्रव्याचा माग काढून ध्रुवाकडची आणि उष्ण कटिबंधातली वरची हवा ऋतूनुसार कशी मिसळते, ते शास्त्रज्ञांनी शोधलं.

‘अणुस्फोट मोजणारी’ अशी नोकरी कुठेच मिळणार नाही. पण आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराचा, अभ्यास जोरात चालू आहे. सौरवादळानंही तिथे खळबळ माजते, आणि ती मोजायला मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र), आयनोसोंड (आयनांबराकडे रेडिओलहरी सोडून ते तपासणारं यंत्र), जीपीएसचे सिग्नल हेच लागतं. पनवेलची भूचुंबकत्व संस्था (अलिबागची वेधशाळा तिचीच), अहमदाबादची पीआरएल (भौतिकी संशोधन प्रयोगशाळा), आंध्रातल्या गादंकीची एनएआरएल (राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा) ही त्यासाठीची ठिकाणं. वातावरणशास्त्र सोलापूरला परकं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं ढगांवरचा प्रयोग आपल्याच भागात केला.

सोलापुरातच फिजिक्स घेऊन बीएस्सी केली तरी चालेल. पुढे ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, मग ‘जेस्ट’ किंवा ‘नेट’ या परीक्षांमधून पीएचडी. वर्षं बरीच जातात, पीएचडीला फेलोशिप मिळते, पण कायमच्या जागा मोजक्याच. हे घरी आत्ताच स्पष्ट बोला. इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंगही वाया जात नाही, कारण ही उपकरणं कुणीतरी बांधावीच लागतात. फक्त नातेवाइकांच्या समाधानासाठी कॉम्प्युटरला घालू नका.

तिला गणित खरंच आवडतं की नुसते व्हिडिओ, हे मात्र तपासा. मे 2024 च्या सौरवादळाच्या चुंबकीय नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. सुट्टीत पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून त्यांचा आलेख काढायला सांगा. तो घेऊन मला लिहा, मग कुठले फॉर्म भरायचे ते ठरवू.