कोर्स कोणता करू, हा प्रश्न जरा नंतर

“ताई, एआय आल्यावर हिशेबाचं काम राहणार का? आणि राहणार नसेल तर मी आता कोणता कोर्स करू?”

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे सगळ्याच वयाची माणसं घेऊन येतात. इथे ज्यांचं सांगते आहे त्या पंचेचाळिशीच्या, इंदूरला सियागंजातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघणाऱ्या. (त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत सर्टिफिकेटांची जाड फाईल होती. टॅली, एक्सेल, डिजिटल मार्केटिंग, शिवाय अर्धवट सोडलेलं आणखी काहीतरी. मोबाईलवर नव्या कोर्सची जाहिरात उघडीच. “आज रात्री बारापर्यंत सवलत आहे हो.”

आज रात्री पैसे भरू नका, एवढंच मी त्या दिवशी ठामपणे सांगितलं. घाबरून घेतलेला कोर्स सहसा तिसऱ्या धड्यापुढे जात नाही. फाईलमध्ये त्याचा पुरावा होताच.

पुढे काय होणार हे मला सांगता येत नाही. भविष्याचा पद्धतशीर विचार करणारेही ते सांगत नाहीत. एकच भविष्य गृहीत न धरता तीन-चार शक्यता मांडायच्या आणि त्यांतल्या एकीपेक्षा जास्त शक्यतांमध्ये उपयोगी पडेल असं आज काय करता येईल ते बघायचं, असं ते काम आहे. ते शिकायला मी साधी दोनशे पानी वही घ्यायला लावते. कामाचा पोर्टफोलिओ म्हटलं की लोक लगेच दाखवण्यासारखं काही गोळा करू लागतात. ही वही दाखवायची नाही. तिच्यात आपण कुठे फसलो तेही यायला हवं, आणि दुसरा वाचणार असेल तर ते कुणी लिहीत नाही.

सुरुवात मागे घडून गेलेल्या बदलांपासून केली. प्रत्येक नोंदीला चार प्रश्न. काय झालं, त्याचा अर्थ काय, आता काय करायचं, हे तीन टेरी बोर्टन या अमेरिकी शिक्षकाने १९७० मध्ये मांडलेले. चौथा मी त्यांच्याआधी घालते: तेव्हा मला काय वाटलं होतं?

त्यांची पहिली नोंद १ जुलै २०१७ ची, जीएसटी लागू झाला त्या दिवसाची. वाटलं होतं: “आता सगळं सीएकडे जाईल, माझं काम अर्धं.” झालं उलटंच. काम वाढलं आणि पेढीवर त्यांच्याशिवाय पान हलेना.

दुसरी नोंद ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवाव्या लागणाऱ्या बिलाची. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. मग १०० कोटी, ५०, २०, १० असं करत ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींपर्यंत आलं. “हे मोठ्यांचं आहे, आपल्याकडे नाही येणार,” असं त्या दरवेळी म्हणत राहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली. आकडे एकाखाली एक लिहिल्यावर त्या स्वतःच हसल्या. “कुणीतरी जिना उतरत येतंय आणि मी आपली टीव्ही बघत बसलेय!” भविष्याच्या अभ्यासात अशा खुणा वेचण्याला फार महत्त्व आहे. त्यांना ते मला शिकवावं लागलं नाही.

नोंदी वाचताना एक गोष्ट मला खटकली. कामातला प्रत्येक बदल त्यांना आधी नोकरी जाण्यासारखाच दिसत होता. विचारलं तर वडिलांचा विषय निघाला. ते इथल्याच एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा या शिकत होत्या. गिरण्या बंद पडणं म्हणजे काय, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या रकमेचं वाटप व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. सोहेल इनायतुल्ला हे भविष्य-अभ्यासक एक त्रिकोण काढायला सांगतात: पुढची ओढ, आजचा रेटा आणि मागचं ओझं. बहुतेकांचे पहिले दोन कोपरे भरतात, तिसरा कोरा राहतो. यांचा तिसरा कोपरा पानभर झाला. त्यानंतर त्यांची झोप जरा सुधारली, असं त्यांनीच सांगितलं. (झोप, भूक पार उडाली असेल तर मात्र वहीच्या नादी लागू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.)

मग जेरोम ग्लेन या अमेरिकी भविष्य-अभ्यासकाने १९७१ मध्ये तयार केलेलं चक्र काढलं. मधल्या वर्तुळात एक बदल लिहायचा, भोवती त्याचे परिणाम, त्यांच्या भोवती परिणामांचे परिणाम. मधे लिहिलं, “बिलं मशीन चढवेल.” पहिल्या कड्यात टायपिंग गेलं. दुसऱ्यात आलं: चुकलेलं बिल ओळखणार कोण? कुठली पार्टी रिटर्न उशिरा भरते आणि आपलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकवते, हे कुणाला ठाऊक? फोन करून गोडीने काम काढून घेणार कोण? ही सगळी कामं त्या वर्षानुवर्षं करत होत्या, पण फाईलमध्ये त्यांचा एक कागद नव्हता. “सेठ सगळं काम बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकतील” हेही त्याच कड्यात होतं. ते मी खोडू दिलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला एक अंदाज, कारणासकट, तारीख घालून. सर्वांत कामाचा ठरला तो साफ चुकलेला. “दिवाळीपर्यंत नवं सॉफ्टवेअर येणार,” असं त्यांनी लिहिलं होतं. सॉफ्टवेअर आलं नाही. सेठच्या मुलाने एक गोदाम सोडायचं ठरवलं. त्याला या धंद्यात फारसा रसच नव्हता. वर्षभर त्या मशीनकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि आपली नोकरी बाजूच्या टेबलावरच्या पोरावर अवलंबून आहे, हे वहीत कुठेच नव्हतं. माझ्या अनुभवात असं बरेचदा होतं. तंत्रज्ञानाची भीती बातम्यांतून आयती मिळते. मालकाच्या घरात काय चाललंय ते आपलं आपण बघावं लागतं.

आता कोर्सचा प्रश्न विचारण्यात अर्थ होता. जीएसटीच्या नोटिसांना उत्तर कसं द्यायचं, एवढंच त्यांनी शिकायला घेतलं. पेढीचं काम बघणाऱ्या सीएकडे शनिवारी बसून, फी न भरता. पेढी राहिली तरी ते लागणार आहे आणि दुसरीकडे जावं लागलं तरी. दाखवायचा पोर्टफोलिओ वेगळा केला: दोन पानं, अडकलेलं क्रेडिट त्यांनी कसं सोडवलं त्याची, पार्ट्यांची नावं काढून.

नोकरी अजून तीच आहे, पगारही तेवढाच. मुलाने पेढी बंद करायची ठरवली तर काय, याचंही एक पान वहीत आहे. त्यावर तीन व्यापाऱ्यांची नावं आहेत. एकाला फोन करून झालाय. मार्च संपला की या, असं त्याने सांगितलंय.