हरिकेनमधील नुकसान भरून देणारा बोटीचा विमा कसा निवडावा?

अटलांटिक किनाऱ्यावर बोट ठेवणाऱ्याने विमा घेताना काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते हप्त्याच्या आकड्याआधी हरिकेनसारख्या चक्रीवादळासाठी लावलेली वेगळी वजावट, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग, वाचावी. हवामान खात्याने नाव दिलेल्या वादळाच्या नुकसानीला ही वजावट बहुधा विमा रकमेच्या टक्क्यांत असते. ८०,००० डॉलरच्या बोटीवर ती १० टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर आपल्याच खिशातून जातात. भरपाई पॉलिसी घेताना ठरलेल्या मूल्याने मिळणार की घसारा वजा करून, हेही पाहावे. बुडालेली बोट वर काढण्याचा खर्च दुरुस्तीच्या रकमेतून कापला जाणार नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी. काही पॉलिसी वादळाआधी बोट पाण्याबाहेर काढण्याच्या खर्चाचा काही भाग देतात. मात्र अनेक कंपन्या वादळापूर्वीच्या तयारीचा आराखडा मागतात, आणि त्यात लिहिलेले जादा दोर, ते घासून तुटू नयेत म्हणून चढवलेल्या नळ्या, उतरवलेली शिडे प्रत्यक्षात नसतील, तर दावा अडचणीत येऊ शकतो; म्हणून तयारीची छायाचित्रे जरूर काढून ठेवावीत. हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, आणि वादळ जवळ आले की कंपन्या सहसा नवी पॉलिसी देत नाहीत, त्यामुळे हे काम मे महिन्यापूर्वीच उरकावे.